सावित्रीबाई, कायदा आणि आश्रयाचे दार

जुन्नर तालुक्यातील ओतूर येथून २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना एक पत्र लिहिले. १८७६ चे वर्ष सरले होते, परंतु दुष्काळ सरला नव्हता. माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून मरत होती, कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून चालली होती, सावकार या परिस्थितीचा पुरता लाभ उठवीत होते आणि दंगे उसळू लागले होते. अशा दिवसांत सत्यशोधक समाजाचे मदतकार्य घेऊन शेहेचाळीस वर्षांच्या सावित्रीबाई या मुलखात राहिल्या होत्या. पोलिसांनी पन्नास सत्यशोधकांना पकडले, तेव्हा कलेक्टरने बाईंना बोलावून घेतले. निरपराध कार्यकर्त्यांवर खोटे आळ का घातले, असा जाब बाईंनी त्याला विचारला. कार्यकर्ते सुटले आणि पाठोपाठ ज्वारीच्या चार गाड्याही आल्या, असा वृत्तान्त त्या पत्रात आहे.

सावित्रीबाईंचे स्मरण आपण बहुधा मुलींच्या शाळेच्या संदर्भात करतो. ते योग्यच आहे. तथापि त्यांच्या आयुष्यातून आणखी एक धागा सलग गेलेला दिसतो. स्त्रीवर होणारी हिंसा आणि राज्याचा फौजदारी कायदा यांचा परस्परसंबंध काय, या प्रश्नाला त्या तरुणपणापासून अखेरपर्यंत वारंवार सामोऱ्या गेल्या. त्यांना जे दिसले ते असे: स्त्रीला शिक्षा करावयाची असली की कायदा आपण होऊन तिच्या दारी येतो, तिचे रक्षण करावयाचे असले की मात्र तिलाच कायद्याच्या दारापर्यंत जावे लागते. या दोहोंमधील अंतर कोणी तरी चालून गेल्याशिवाय अधिनियमातील अक्षरांना अर्थ येत नाही. सावित्रीबाईंनी ते अंतर स्वतःच्या पायांनी तोडले.

रस्त्यावरचा छळ

३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. आज हे गाव सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात आहे. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तेरा वर्षांच्या जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला. मुलीचे लग्न कोणत्या वयात व्हावे याविषयी तेव्हा कोणताही कायदा बोलत नव्हता. पुढे वीस वर्षांनी भारतीय दंडविधान तयार झाले, त्यातही पत्नीला पतीच्या बळजोरीपासून मिळालेले संरक्षण दहा वर्षांखालील वयापुरतेच होते. त्या काळातील लक्षावधी मुलींचे बालपण या एका आकड्याच्या पलीकडे कायद्याला दिसतच नव्हते.

सावित्रीबाईंचे नशीब इतरांहून वेगळे ठरले, कारण जोतीरावांनी त्यांना शिकविले. अहमदनगर व पुणे येथे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सतरा वर्षांच्या सावित्रीबाई शिक्षिका म्हणून रोज घराबाहेर पडू लागल्या. पगाराच्या वा सेवेच्या कामासाठी सार्वजनिक रस्त्याने जाणारी स्त्री हे पुण्यातील पुष्कळांना असह्य दृश्य होते. त्यांच्यावर शेण, चिखल आणि खडे फेकण्यात आले. शाळेत पोहोचल्यावर नेसण्यासाठी त्या दुसरे लुगडे बरोबर नेत. बळवंत सखाराम कोल्हे यांच्या आठवणींत असा एक प्रसंग आहे की, एका दांडगटाने वाट अडवून धमकावले तेव्हा बाईंनी त्याच्या थोबाडीत मारली आणि पुढची वाट धरली.

हा प्रसंग शौर्यकथा म्हणून सांगितला जातो. त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्त्रीच्या विनयभंगाला शिक्षा सांगणारे ३५४ वे कलम आणि अपशब्द वा हावभाव यांनी तिचा अपमान करणाऱ्यास शिक्षा सांगणारे ५०९ वे कलम दंडविधानात येण्यास तेव्हा बारा-चौदा वर्षे अवकाश होता. कलमे आल्यानंतरही शेण फेकणाऱ्यावर फिर्याद कोण नोंदविणार आणि साक्ष कोण देणार, हा प्रश्न उरलाच असता. ज्या गल्लीने तमाशा पाहिला त्याच गल्लीतून साक्षीदार यावे लागतात. छळ करणाऱ्याचे सामर्थ्य त्याच्या हातातील शेणापेक्षा पाहणाऱ्यांच्या मौनात अधिक असते, हे सावित्रीबाईंनी रोजच्या वाटेवर अनुभवले होते.

दंडविधानाची दोन तोंडे

१८६० मध्ये संमत झालेले भारतीय दंडविधान १ जानेवारी १८६२ पासून अमलात आले. जातीप्रमाणे शिक्षा बदलण्याची जुनी रीत त्याने मोडली, हे त्याचे मोठेच श्रेय होय. परंतु कागदावर सर्वांना समान असलेला हा कायदा विधवेच्या आयुष्यात कसा उतरला, हे पुण्याने लवकरच पाहिले.

जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फशी पाडले. तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय निष्फळ झाले, मूल जन्माला आले आणि लोकनिंदेच्या भीतीने तिने ते मारून विहिरीत टाकले. प्रेत सापडले, खटला उभा राहिला आणि काशीबाईला जन्मठेपेची, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १८६३ च्या सुमारास घडलेल्या या प्रकरणाची हकीकत पुढे जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी, मलबारींच्या बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयीच्या टिपणांवर अभिप्राय देताना लिहून ठेवली.

या प्रकरणात कायदा कोठे कोठे बोलला आणि कोठे मुका राहिला ते पाहण्यासारखे आहे. मूल मारणे हा खून होता; त्याबद्दल शिक्षा होणे क्रमप्राप्त होते. गर्भ पाडणे हा गुन्हा होता आणि ३१२ व्या कलमाच्या स्पष्टीकरणाने स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्यात येत होती. बारा वर्षांखालील मूल टाकून देणे हा ३१७ व्या, तर जन्म लपविण्यासाठी अर्भकाचे प्रेत गुपचूप नाहीसे करणे हा ३१८ व्या कलमाखाली गुन्हा होता. म्हणजे गर्भधारणेपासून अंत्यविधीपर्यंत विधवेच्या प्रत्येक पावलावर कलम उभे होते. त्या शास्त्र्यासाठी मात्र कलम नव्हते. बळजोरी सिद्ध न झाल्यास बलात्काराचे ३७५ वे कलम लागू होत नव्हते. व्यभिचाराचे ४९७ वे कलम दुसऱ्याच्या पत्नीपुरते होते आणि तो अपराध पतीविरुद्धचा मानला जात होता. विधवेला पतीच नाही, म्हणून तिच्या बाबतीत अपराधच नाही, असा हा हिशोब होता.

१८५६ चा विधवाविवाहाचा कायदा तेव्हा अस्तित्वात होता. विधवेने पुन्हा लग्न केले तर तिची संतती औरस ठरणार होती. परंतु रूढीच्या धाकाने लग्न अशक्य, अन्नासाठी परक्या घरी राबणे अपरिहार्य आणि त्या घराच्या आसपास वावरणाऱ्या पुरुषांपुढे ती निराधार, अशी तिची आर्थिक स्थिती होती. कायद्याने दिलेली मोकळीक उपभोगण्यास जी साधने लागतात ती तिच्यापाशी नव्हती.

गंज पेठेतील घर

काशीबाईच्या शिक्षेनंतर फुले पतिपत्नींनी निषेधाची सभा भरविली नाही की सरकारकडे दयेचा अर्ज करून ते थांबले नाहीत. आपल्याच घराच्या आवारात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ज्या विधवेवर असा प्रसंग येईल तिने गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशा आशयाचे कागद रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटविण्यात आले. येणारीचे बाळंतपण, अंघोळ, खाणेपिणे आणि मुलांचा सांभाळ हे सारे सावित्रीबाईंनी पाहिले. ज्या समाजातील काही जणांनी त्यांच्यावर शेण फेकले, त्याच समाजातील स्त्रिया प्रामुख्याने या घरी येत होत्या.

जोतीरावांनी १८८४ पर्यंतचा जो हिशोब दिला आहे तो वाचताना मन सुन्न होते. तोवर पस्तीस विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी जगली अवघी पाच. गर्भ लपविण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांनी उरलेली तीस गर्भातच घायाळ झालेली होती, असे जोतीरावांनी नोंदविले आहे. या आकड्यांचा अर्थ नीट समजावून घेतला पाहिजे. दार उघडे होते, तरी पस्तीसही जणी वेळेवर पोहोचल्या नाहीत. आधी काढा, मग वैदू, मग आणखी जालीम औषध, आणि सारे उपाय हरल्यावर हे घर, असा क्रम होता. भीतीने जितका उशीर केला तितके मृत्यू झाले. निपुत्रिक फुले दांपत्याने १८७४ मध्ये याच गृहात काशीबाई नावाच्या दुसऱ्या एका विधवेला झालेला मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत. १८८७ मध्ये मृत्युपत्र रीतसर नोंदवून जोतीरावांनी त्याचा वारसाहक्कही पक्का केला.

नायगाव ते ओतूर

कायद्याचे हे कठोर तोंड पाहिल्यानंतरही सावित्रीबाईंनी कायद्याकडे पाठ फिरविली नाही, हा त्यांच्या स्वभावाचा विशेष होय. २९ ऑगस्ट १८६८ च्या, माहेराहून लिहिलेल्या पत्रात एक प्रसंग येतो. पोथीपुराण सांगत हिंडणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले होते. मुलगी सहा महिन्यांची गरोदर होती. संतापलेला जमाव दोघांना मारीत गावातून फिरवीत होता आणि त्यांचा जीव घेण्याचीच भाषा चालली होती. सावित्रीबाई धावत तेथे गेल्या. खून केलात तर इंग्रजी कायद्याखाली काय भोगावे लागेल, याची त्यांनी जमावाला जाणीव करून दिली. जमाव वरमला. गाव सोडण्याच्या अटीवर दोघांचे प्राण वाचले आणि बाईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठविले.

येथे कोणी शिपाई नव्हता, न्यायाधीश नव्हता. होती ती कायद्याची माहिती आणि ती मोक्याच्या क्षणी, मोक्याच्या जागी उच्चारण्याचे धैर्य. ज्या दंडविधानाने काशीबाईला अंदमानास धाडले, त्याच दंडविधानाने सारजाला वाचविले. पहिल्या वेळी बोलणारे कोणी नव्हते, दुसऱ्या वेळी सावित्रीबाई होत्या. मात्र नुसत्या धाकाने काम भागले नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. गावाबाहेर काढलेल्या त्या जोडप्याला जाण्यासाठी पुण्यात एक घर होते.

नऊ वर्षांनी ओतुरास हीच रीत मोठ्या प्रमाणावर दिसते. दुष्काळात सर्वांत आधी मोडतो तो घराचा आडोसा. धान्य संपते, भांडी गहाण पडतात, पुरुष कामाच्या शोधात निघून जातात आणि मागे राहिलेल्या बाईला सावकाराच्या वा धान्यवाल्याच्या मर्जीवर जगावे लागते. उपाशी माणसाची संमती ही खरी संमती असते काय, हा प्रश्न फौजदारी न्यायालयाच्या आधी अर्थव्यवस्थेने विचारावयाचा असतो. सत्यशोधकांनी गावोगाव समित्या नेमून अन्नाची सोय केली, तेव्हा त्यांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले. कलेक्टरपुढे बाईंनी दोन गोष्टी मांडल्या, निरपराधांची सुटका आणि लोकांची दैना. पहिल्या गोष्टीतून सुटका झाली आणि दुसरीतून ज्वारी आली.

अखेरची वर्षे

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी यशवंताला विरोध केला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. त्यानंतर चार महिन्यांनी, मार्च १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. कलकत्त्यातील एका अल्पवयीन पत्नीच्या मृत्यूने देश हादरला होता आणि दहा वर्षांची मर्यादा बारा वर्षांवर गेली. दोन वर्षांच्या या वाढीसाठी पुण्यात केवढे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. नवव्या वर्षी लग्न झालेल्या सावित्रीबाई तेव्हा साठ वर्षांच्या होत्या.

१८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. डॉक्टर झालेल्या यशवंताने हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रुग्णालय उघडले. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथे आल्या. त्यांना त्याच रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्याला मदतीची गरज आहे त्याला ती मिळेल तेथवर स्वतः पोहोचविणे, हा त्यांचा आयुष्यभराचा परिपाठ मृत्यूच्या कारणातही दिसतो.

नंतरचे कायदे आणि आजचे अंतर

त्यांच्यानंतर कायदा पुष्कळ पुढे गेला. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा १९७९ मध्ये चार विधी-प्राध्यापकांनी न्यायालयाला उद्देशून अनावृत पत्र लिहिले. वसुधा धगमवार त्यांपैकी एक होत्या. त्यातून उठलेल्या आंदोलनाने १९८३ ची दुरुस्ती घडविली. कोठडीतील अत्याचारात संभोग सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती हे स्त्रीचे म्हणणे न्यायालयाने प्रथम ग्राह्य धरावयाचे, असे ठरले. त्याच वर्षी विवाहितेच्या छळाचे ४९८-अ कलम आले. २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराचा, २०१२ मध्ये बालकांवरील लैंगिक अत्याचारांचा आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा झाला. व्यभिचाराचे ४९७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरविले. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांचे प्रकरण पाचव्या क्रमांकावर आणण्यात आले. अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळण्याचा जुना अपवाद मात्र नव्या संहितेतही कायम राहिला. मूल टाकण्याचा आणि जन्म लपविण्याचा गुन्हा ९३ व ९४ या क्रमांकांनी तसाच उतरला.

तरीही आज काशीबाईसाठी अधिक दारे आहेत. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मूल सांभाळणे अशक्य झालेल्या मातेला ते बालकल्याण समितीच्या स्वाधीन करता येते, तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात आणि परिस्थितीने हतबल होऊन मूल सोडणाऱ्या जन्मदात्यांना या कायद्याचे शिक्षेचे कलम लागू होत नाही. गंज पेठेतील घराचे हे राज्याने स्वीकारलेले रूप होय. हद्द कोणतीही असो, फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. बलात्कारासारख्या गुन्ह्याची फिर्याद नोंदविण्यास नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा सांगितली आहे. कामाच्या ठिकाणच्या छळाची तक्रार घेण्यासाठी प्रत्येक तालुक्यात एक अधिकारी नेमावा आणि त्याने ती सात दिवसांत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पाठवावी, अशी तरतूद आहे.

या तरतुदी जुन्नर आणि आंबेगाव या शेजारच्या तालुक्यांच्या भूगोलावर ठेवून पाहिल्या म्हणजे उरलेले काम कळते. पूर्वेकडे नारायणगाव, मंचर या बाजारपेठा आणि टोमॅटो, कांदा, द्राक्षाच्या मळ्यांत रोजंदारीवर खपणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांची कामाची जागा म्हणजे शेताचा बांध आणि मालकाचा टेम्पो. तालुक्यात आपली तक्रार घेणारा अधिकारी असावयाचा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले असते काय? पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत. रात्री मारहाण झालेल्या बाईला मुक्कामाची एस.टी. पहाटे हलेपर्यंत घोडेगाव वा जुन्नर गाठणे कठीण असते. त्या रात्री तिला निवारा कोणाच्या घरी? दुसऱ्या दिवशी ठाण्यात तिच्या शेजारी बसणार कोण? आणि ज्याच्यावर फिर्याद करावयाची त्याच्याच मिळकतीवर तिची चूल पेटत असेल, तर पुढचा आठवडा ती कशावर काढणार?

ही कामे संहितेच्या कलमांनी होत नाहीत. शाळेतील शिक्षिका, ग्रामपंचायतीतील लेखनिक, आरोग्य केंद्रातील परिचारिका, महाविद्यालयातील विद्यार्थिनी यांच्यापैकी कोणाला तरी कायदा ठाऊक असावा लागतो आणि कोणाचे तरी दार रात्री उघडावे लागते. सावित्रीबाई स्वतः शिक्षिकाच होत्या. गंज पेठेत त्यांच्यापाशी निधी नव्हता, नायगावात अधिकार नव्हता आणि ओतुरात पदही नव्हते. ज्या ओतुराने त्यांना दुष्काळात कलेक्टरपुढे उभे राहिलेले पाहिले, तेथे आज पोलीस ठाणे आहे, शाळा आहेत, महाविद्यालय आहे. साधने वाढली आहेत. पस्तीस विधवांच्या हिशोबाने शिकविलेला धडा एवढाच की, आश्रय आणि आधार वेळेवर मिळाला पाहिजे; उशिरा उघडलेल्या दाराने तीस जीव वाचले नव्हते.